'सक्ती' कोणाची, कोणावर? प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याची सव्वाशे वर्षे

'मोफत व सक्तीचे शिक्षण' हा शब्दप्रयोग मराठीत आता इतका गुळगुळीत झाला आहे की तो उच्चारताना आपण थबकत नाही. वास्तविक भाषेच्या अभ्यासकाने थबकावे असे त्यात पुष्कळ आहे. 'मोफत' आणि 'सक्ती' हे दोन्ही शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आले. पहिल्यात देणाऱ्याचा उदार हात दिसतो, दुसऱ्यात त्याच हाताची मूठ वळलेली दिसते. सक्तीची वसुली असते, सक्तीची मजुरी असते, सक्तमजुरीची शिक्षा असते. अशा शब्दांच्या रांगेत शिक्षण कसे येऊन बसले? आणि ही सक्ती नेमकी कोणी, कोणावर करावयाची? मुलावर, बापावर, गावावर की सरकारवर? कायद्याचा इतिहास वाचताना आम्हांला असे वाटू लागले की गेल्या सव्वाशे वर्षांतील सारा वाद या एका शब्दाच्या कर्त्याविषयी आणि कर्माविषयी आहे. व्याकरणाचा हा प्रश्न किती मुलांच्या आयुष्याचा प्रश्न झाला, ते पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ अर्थातच जोतीराव फुल्यांपासून करावा लागतो. १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जोतीरावांनी त्याच्यापुढे आपले निवेदन सादर केले. त्या निवेदनाचा गाभा शिक्षणशास्त्रीय नाही, हिशेबाचा आहे. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा प्रामुख्याने रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरून झिरपत झिरपत विद्या खाली येईल हा सरकारी भरवसा त्यांनी तेथे मोडीत काढला. बहुजनांचे प्राथमिक शिक्षण एका ठरावीक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचे करावे अशी त्यांची स्पष्ट मागणी होती. खुद्द इंग्लंडात शाळेतील हजेरी सर्वत्र सक्तीची करणारा कायदा १८८० सालचा, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे पुण्याच्या या माणसाची झेप कळते.

पण जोतीरावांच्या मागणीतील एक बारकावा सहसा निसटतो. शेतकऱ्याची मुले शाळेत का येत नाहीत, याचे कारण त्यांना पक्के ठाऊक होते. दारिद्र्यामुळे ती गुरांमागे आणि शेतावर लागतात. म्हणून नियमांत त्यांच्यासाठी सवलत असावी, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे देऊन त्यांना ओढून घ्यावे, मास्तर शक्यतो शेतकरी समाजातूनच घ्यावेत, त्यांना पोटभर पगार द्यावा, अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन, हिशेब यांबरोबर शेतीचेही ज्ञान असावे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे त्यांच्या लेखी सक्ती ही एकटी येत नाही. ती सोबत सोयी घेऊन येते. सक्ती बापावर, पण त्याआधी जबाबदारी सरकारवर, असा हा क्रम आहे. हंटर आयोगाने मात्र सक्ती स्वीकारली नाही. प्राथमिक शिक्षण नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात घालून तो मोकळा झाला.

ब्रिटिश मुलखात जे घडले नाही ते बडोद्याच्या संस्थानात घडले. सयाजीराव गायकवाडांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या एका शेतकरी घरातील हा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास नेला गेला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी पुढे आयोगापुढे जी वयोमर्यादा सुचविली, नेमक्या त्या वयाला या मुलाचे शिक्षण सुरू झाले. दत्तकविधान झाले नसते तर कवळाण्याचा हा गोपाळ निरक्षर शेतकरी म्हणूनच जगला असता. सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या राजाला निरक्षरता आतून माहीत होती, ही गोष्ट आम्हांला केवळ योगायोगाची वाटत नाही. सयाजीरावांनी घाई केली नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत प्रयोग केला, त्याचा अनुभव घेतला आणि १९०६ साली संस्थानभर मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा लागू केला. त्यात मुलींचाही समावेश होता. मुलींसाठी वयाची मर्यादा मुलांपेक्षा कमी ठेवली होती, पण त्यांना वगळले नव्हते. हिंदुस्थानात हे होऊ शकत नाही, या युक्तिवादाला बडोद्याने कायमचे उत्तर दिले.

त्या उत्तराचा दाखला घेऊन गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे मंडळात उभे राहिले. मार्च १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला आणि सरकारने विचाराचे आश्वासन दिल्यावर मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयकच आणले. आज ते वाचताना त्याच्या मवाळपणाचे आश्चर्य वाटते. सक्ती देशभर नव्हतीच. ज्या नगरपालिकेच्या वा बोर्डाच्या हद्दीत आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जात असतील, त्याच संस्थेला, तीही प्रांतिक सरकारची परवानगी घेऊन, सक्ती लागू करता येणार होती. तीही सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. मुलींचा विचार सवडीने व्हावयाचा होता. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घ्यावयाची नव्हती. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा अशी अपेक्षा होती. जोतीरावांच्या बारा वर्षांवरून आपण दहा वर्षांवर आलो होतो, आणि तेही 'करता आले तर'.

इतके सौम्य विधेयकही मंडळाला पेलले नाही. शिक्षण खात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, पैसा नाही, नव्या करांचा बोजा लोक सोसणार नाहीत, असे मुद्दे होते. सरकारी सभासदांच्या जोडीला बडे जमीनदारही होते. शेतमजुराचे पोर शाळेत गेले तर शेतावर कोण राबणार, हा प्रश्न सभ्य भाषेत विचारता येतो आणि तो तसा विचारला गेला. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक फेटाळले जाणार हे गोखल्यांना माहीत होते आणि त्यांनी ते बोलूनही दाखविले. आमच्या पिढीला आपल्या अपयशांनीच देशाची सेवा करावी लागणार, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. फर्ग्युसनमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षे शिकविण्यात घालविलेल्या माणसाचा तो निरोप आहे. १९१५ साली ते गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ साली, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड अशी त्यात तरतूद होती. त्या काळच्या रुपयाचे मोल ध्यानात घेता हा दंड लटका नव्हता. पण शाहूंच्या सक्तीलाही जोतीरावांप्रमाणे दुसरी बाजू होती. कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहत होती, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. मुलाने शाळेत यावे अशी सक्ती करावयाची आणि आल्यावर त्याला पडवीत बसवावयाचे, ही विसंगती महाराजांनी ओळखली होती. या दुसऱ्या हुकुमात सक्ती पालकावर नाही. ती मास्तरावर आहे, शाळेवर आहे, पर्यायाने सवर्ण गावावर आहे. 'सक्ती' या शब्दाची दिशा येथे प्रथमच बदललेली दिसते.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्याच्या कायदे मंडळात नगरपालिकांपुरता प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत झाला. गोखल्यांचे विधेयक जे करू पाहत होते ते ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम येथे झाले. तोही कायदा ऐच्छिकच होता. नगरपालिकेने ठरविले तर सक्ती. या 'तर'मुळेच पुण्यात तो प्रसंग उद्भवला ज्याची आठवण आपल्या वाङ्मयीन इतिहासांत फारशी ठेवली जात नाही.

प्रश्न असा होता की पुणे नगरपालिकेने सक्ती लागू करावयाची ती मुलग्यांपुरती की मुलींनाही? पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलगे, मुली मागाहून, असा एक पक्ष होता आणि लोकमान्य टिळकांचे वजन त्या पक्षाच्या पारड्यात होते. मुलगे आणि मुली यांत फरक करू नये असे म्हणणाऱ्यांत विठ्ठल रामजी शिंदे होते, रमाबाई रानडे होत्या. १९२० साली हा वाद सभांमधून आणि रस्त्यावर लढला गेला. शिंद्यांच्या आत्मपर लेखनात या दिवसांची हकीकत आहे. ती वाचताना वाटते की 'पैसा नाही' हे वाक्य मोठे निरुपद्रवी दिसते, पण ते ज्याच्या बाबतीत उच्चारले जाते त्याची रांगेतील जागा ते ठरवून टाकते. भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघालेल्या शहरात, बाहत्तर वर्षांनंतर, मुलींना शाळेची सक्ती असावी की नसावी यावर मतभेद होते. टिळकांच्या राजकीय थोरवीला यामुळे बाध येत नाही. परंतु तेवढ्यासाठी ही नोंद गाळावी, असेही आम्हांला वाटत नाही.

१९२३ साली मुंबई इलाख्याला प्राथमिक शिक्षणाचा व्यापक कायदा मिळाला. त्याचे काय झाले हे समजण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १२ मार्च १९२७ चे मुंबई कायदे मंडळातील भाषण पाहावे. महाडचा सत्याग्रह त्यानंतर आठवड्याभरातच झाला. चवदार तळ्याचे पाणी आणि शाळेचा फळा हे त्यांच्या मनात एकाच लढ्याचे दोन भाग होते. अर्थसंकल्पावरील या भाषणात त्यांनी आकडे मांडले. प्रगतीचा त्या वेळचा वेग कायम राहिला तर शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शाळेत यायला ४० वर्षे लागतील आणि मुली यायला ३०० वर्षे. इलाखा शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करतो आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक मिळवतो. लोक दारूवर सरकारला जितके देतात तितके तरी सरकारने त्यांच्या शिक्षणावर खर्चावे, ही त्यांची मागणी होती. शिवाय शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी सांगितले. शाळेत नाव घालणे आणि शाळेत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही आजही पुरती न पचलेली गोष्ट त्या एका आकड्यात आहे. जोतीरावांचा हिशेब येथे पंचेचाळीस वर्षांनी पुढे चालविलेला दिसतो. शिक्षणाचा कायदा अर्थसंकल्पात वाचावा, कलमांत नव्हे, असे जणू ते दोघे सांगत आहेत.

पुढे राज्यघटना घडत असताना हा प्रश्न पुन्हा आला. १९४७ साली मूलभूत हक्कांच्या उपसमितीत मोफत प्राथमिक शिक्षण हा हक्क म्हणून मांडला गेला होता. परंतु न्यायालयात दाद मागता येईल असा तो हक्क असावा काय, अशी शंका निघाली आणि तो मार्गदर्शक तत्त्वांत गेला. तेथेही मसुद्यात 'प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे' अशा आशयाचे शब्द होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी लक्ष्मीकांत मैत्र यांनी ते शब्द गाळण्याची दुरुस्ती सुचविली. मार्गदर्शक तत्त्वांची रचना 'राज्य प्रयत्न करील' अशी आहे, तेव्हा येथे हक्काची भाषा विसंगत ठरते, असा तो तांत्रिक मुद्दा होता. ती दुरुस्ती स्वीकारली गेली. 'नागरिक' हा कर्ता गेला, 'राज्य' हा कर्ता राहिला, आणि क्रियापद 'प्रयत्न करील' एवढे सैल झाले.

त्याच चर्चेत नझीरुद्दीन अहमद यांनी 'शिक्षण' या शब्दाऐवजी 'प्राथमिक शिक्षण' असा शब्द सुचविला. डॉ. आंबेडकरांनी त्याला दिलेले उत्तर महत्त्वाचे आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास घटनेत मनाई केलेली आहे. मग ते मूल कामावर नसेल तर शाळेत असले पाहिजे, म्हणून ही मर्यादा चौदा वर्षांचीच हवी, असा त्यांचा आशय होता. घटनेतील बालमजुरीचे चोविसावे कलम आणि शिक्षणाचे पंचेचाळिसावे कलम ही अशी जुळी कलमे आहेत. एक मुलाला कारखान्याच्या दारातून मागे फिरवते, दुसरे त्याला शाळेच्या दारात आणते. पहिले मूलभूत हक्क ठरले, दुसरे नुसते तत्त्व राहिले. मूल कारखान्यातून निघाले पण शाळेत पोहोचलेच पाहिजे असे कायद्याने म्हटले नाही. मधल्या जागेत ते कोठे गेले, हे त्या काळी शेतांना, हॉटेलांना आणि घरकामाला विचारावे.

पंचेचाळिसाव्या कलमाला दहा वर्षांची मुदत होती. मार्गदर्शक तत्त्वांत अशी मुदत असलेले ते एकमेव कलम. ती २६ जानेवारी १९६० रोजी संपली. त्यानंतर तीन महिन्यांनी महाराष्ट्र राज्य जन्माला आले, म्हणजे आपले राज्य जन्मले तेव्हाच हे वचन मोडलेले होते. पुढची तीन दशके ते तसेच पडून होते. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात आणि १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला हात घातला. विशेष असे की हे दोन्ही खटले व्यावसायिक महाविद्यालयांतील प्रवेश आणि शुल्क यांतून निघाले होते. उच्च शिक्षणाच्या भांडणातून प्राथमिक शिक्षणाचा हक्क बाहेर आला! चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे १९९३ च्या निकालाने ठरविले. २००२ साली शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने '२१ क' हे कलम आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा हक्क घटनेत लिहिला गेला. मात्र सहा वर्षांखालील मुले त्या हक्काबाहेर राहिली, आणि मुलाला शिकविणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून जोडले गेले. एका हाताने राज्यावर टाकलेले ओझे दुसऱ्या हाताने थोडेसे बापाच्या खांद्यावर सरकविले गेले, असे टीकाकारांनी म्हटले ते अगदीच चुकीचे नव्हते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आमच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोलाची जागा आठव्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. 'सक्तीचे शिक्षण' याचा अर्थ तेथे असा दिला आहे की मोफत शिक्षण पुरविणे आणि प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता होईल असे पाहणे ही शासनाची बांधिलकी. पालकाचे कर्तव्य दहाव्या कलमात सांगितले आहे, पण त्याला दंड नाही. शाहू महाराजांच्या काळचा एक रुपया येथे माफ झाला आणि सक्तीचे कर्म बदलले. आता सक्ती शासनावर आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला दाराबाहेर ठेवता येत नाही, वय उलटले असेल तर वयाला साजेशा वर्गात घ्यावे लागते. ही कलमे साधी दिसतात. पण मराठी आत्मकथने ज्याने वाचली आहेत त्याला 'दाखला' या शब्दामागची घालमेल सांगावी लागत नाही.

शब्दाचा अर्थ कायद्यात बदलला म्हणून व्यवहारात बदलतोच असे नाही. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना देण्याची तरतूद २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. २०१४ साली अल्पसंख्याकांच्या शाळा कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही. कायदा असा रोज थोडाथोडा वाकविला जातो आणि रोज थोडाथोडा सरळ करावा लागतो.

आम्ही मराठी शिकविणारी माणसे. कलमांपेक्षा कादंबऱ्यांशी आमचा परिचय अधिक. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आम्ही कितीदा तरी शिकविली आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा ओस असते. पोरे मेंढरांमागे असतात. मास्तर कोणावर सक्ती करीत नाही. तो वाडीचा होतो आणि वाडी हळूहळू शाळेची होते. मग दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला निघून जातात. शाळा पुन्हा ओस पडते. मास्तर कोठे चुकला, असे विद्यार्थी विचारतात. तो कोठेच चुकलेला नसतो. लक्ष्मण मानेंच्या 'उपरा'त (१९८०) याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. तेथे भटकणाऱ्या कैकाडी बापालाच पोराने शिकावे असे वाटते आणि जातभाईंचा विरोध पत्करून तो त्याला शाळेत घालतो. सक्ती करावी असा बाप तेथे नाहीच. पण पोटासाठी गाढवांवर बिऱ्हाड लादून गाव सोडावेच लागते आणि शाळा मागे राहते.

या दोन पुस्तकांपुढे ठेवून पाहिले की कायद्याचा इतिहास अधिक स्पष्ट होतो. बापावर दंड बसवून बनगरवाडीची शाळा भरली नसती. दिवाळीच्या सुमारास बीडकडून कोयते घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुले आजही अर्धे वर्ष फडावर असतात. त्यांची नावे गावच्या शाळेच्या पटावर आहेत, म्हणजे आंबेडकरांच्या भाषेत ती 'दाखल' आहेत. आठव्या कलमातील 'उपस्थिती' आणि 'पूर्तता' हे दोन शब्द त्यांच्यासाठी लिहिले आहेत. ती मुले जेथे जातील तेथे शाळा पोहोचविणे, किंवा आईबाप परत येईपर्यंत त्यांना गावी सांभाळणे, ही शासनावरची सक्ती आहे. जोतीरावांनी १८८२ साली गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी नियमांत सवलत मागितली होती. ती मागणी आजही तितकीच लागू आहे, फक्त गुरांच्या जागी उसाची मोळी आली आहे.